काशीरामची दाढी

रत्नागिरी
९ ऑगस्ट १९५४

चि. सौ. सगुणास,
धोंडूदादाचे आशीर्वाद.

काल भागोजी न्हावी पालीहून आला, तेव्हा तुझा ताप उतरल्याचं कळलं. बरं वाटलं. मी स्वतःच येणार होतो, पण त्याच्याच तोंडी तू निरोप धाडलास की दादाने माझ्या दारात पाऊल ठेवू नये. म्हणून कागदाला पाठवतो आहे. त्याला तरी ओटीवर येऊ दे.

बाळाचं फार वाईट झालं. पहिलं आठ दिवसांचं होऊन गेलं, आणि हे तर रडलंसुद्धा नाही. डॉक्टरांना मी मुद्दाम भेटलो. नाळेचा वेढा गळ्याला बसला होता, असं ते म्हणाले. यात कुणाचा दोष नसतो. कुणाचाही. हे तू नीट ध्यानात घे आणि सासूबाईंनाही समजावून सांग. सखूबाई माणूस चांगल्या आहेत, पण एकदा त्यांच्या मनाने घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायच्या नाहीत.

आता कामाचं. तुझा काशीराम तीन आठवडे शाळेत आलेला नाही. रजेचा अर्ज नाही, चिठ्ठी नाही. चित्रकलेच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत आणि मुलं त्याच्या तासाला कागदाची विमानं उडवताहेत. दुःख मोठं आहे हे मी जाणतो, पण माणसाने कामात पडलेलं बरं. त्याला सांग, आता दाढीच्या नियमाचीही अडचण उरलेली नाही. सोमवारी पहिल्या मोटारीने निघून यावं.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा,
धोंडूदादा


रत्नागिरी
२ सप्टेंबर १९५४

चि. सौ. सगुणास, आशीर्वाद.

पत्र परत आलं. पाकिटावर तुझ्या हातचं ‘नको’. अक्षर अजून वळणदार आहे. ते गिरवून मीच घेतलं होतं, म्हणून सांगतो.

परत आलेलं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात एक वाक्य असं होतं की वाचताना माझं मलाच ओशाळं वाटलं. तू ते वाचलं नाहीस, हे एका परीने बरंच झालं. 

पण तुझ्या मनात जे आहे त्याला उत्तर द्यायला हवं. नियम अकरावा मी लिहिला, हे खरं. शाळा काढली तेव्हा अर्ध्या मुलांच्या डोक्यात उवा होत्या आणि उरलेल्यांच्या डोक्यात नायटे. एक शिक्षक आठवड्यातून एकदाच दाढी करायचे आणि मुलं त्यांना साळिंदर म्हणायची. म्हणून लिहिलं: ‘विद्यार्थ्यांनी केस बेताचे कापावे व शिक्षकांनी रोज दाढी करून यावे. धर्माज्ञेने केस अथवा दाढी राखणारे यातून वगळले आहेत.’ ते शेवटचं वाक्य घालताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. आपल्याकडे मुसलमान मुलं शिकतात, शिक्षक आहेत, त्यांना त्रास नको.

बायको पोटुशी असली की नवऱ्याने वस्तरा लावायचा नाही, ही आपली चाल मला ठाऊक नाही असं थोडंच आहे? तुझ्या वेळी बाबा तसेच हिंडत होते. लोक सातव्यापासून थांबतात. पहिलं मूल गेलेलं, म्हणून सखूबाईंनी काशीरामला तिसऱ्यापासूनच थांबवलं. जुलै उजाडेपर्यंत तो बैरागी दिसायला लागला, आणि शाळेच्या तपासणीला साहेब यायचे होते. मी म्हटलं, ही चाल आहे, धर्माज्ञा नव्हे. कुठल्या पोथीत लिहिलंय ते दाखव. त्याच्याकडे पोथी नव्हती. तेव्हा मी त्याला दाढी करायला सांगितलं. सांगितलं, त्याने ऐकलं, झालं. मुख्याध्यापकाने शिक्षकाला एवढंही सांगू नये काय?

या वेळी पाकीट परत करू नकोस. पोस्टमन माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो.

धोंडूदादा


रत्नागिरी
भाऊबीज, १९५४

चि. सौ. सगुणास,

दुसरंही परत आलं. आज शेजारणीने ओवाळायला बोलावलं होतं. डोकं दुखतंय म्हणून गेलो नाही. खोटं सांगायची मला चांगलीच सवय झालेली आहे, आणि आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

काल भागोजी माझी दाढी करत होता. करता करता म्हणाला, “मास्तर, पालीला ती दोघा बोलत नायत वो. ताट वाढत्ये, पानी ठेवत्ये, पन तोंडातून शबुद नाय. काशीराम मना बोलला, ती येवढाच बोलली, तू माझ्याशी खोटा बोललास.” वस्तरा माझ्या गळ्याशी होता. नाहीतर मी तिथून उठून पळालो असतो.

सगुणा, मागच्या पत्रात ‘सांगितलं, त्याने ऐकलं, झालं’ असं मी लिहिलं. तसं झालं नव्हतं. 

मी त्याला माझ्या खोलीत बोलावलं. टेबलावर कोरा कागद आणि टाक ठेवला आणि म्हटलं, दाढी कर, नाहीतर राजीनामा लिही. तो म्हणाला, “मास्तर, दीड महिना थांबा. मग मीच भागोजीकडं जातंव.” मी म्हटलं, तपासणी तुझ्यासाठी दीड महिना थांबत नाही. भागोजीला मी आधीच बोलावून व्हरांड्यात बसवला होता. त्याने धोकटी उघडली, पण वस्तरा काढेना. शेवटी काशीरामच त्याला म्हणाला, “कर तू. तुझ्यावर दोष नाय काय.” मग त्याने चित्रकलेचा एक मोठा कागद मांडीवर पसरला, खाली काही सांडू नये म्हणून, आणि डोळे मिटून घेतले. झाल्यावर तो कागद केसांसकट घडी करून खिशात ठेवला. 

मग त्याने विचारलं, “सगुणाला काय सांगू?”

माझं डोकं अशा वेळी फार चालतं. मी शिपायाला बाजारात पाठवून मफलर आणवला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडाभोवती गुंडाळला. म्हटलं, दाढ दुखते म्हण. तोंड झाकून ठेव, महिन्याभरात पुन्हा वाढेल, तिला कळणारही नाही. तो म्हणाला, “मी तिच्याशी खोटा बोललेलो नाय कधी.” मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्या दमट हवेत तो पोर चार दिवस मफलर लावून जेवला नि झोपला. पाचव्या दिवशी तुला दिसलं. नवव्या दिवशी तुला कळा सुरू झाल्या. नाळेचा आणि वस्तऱ्याचा काही संबंध नाही, हे मी आजही कुठल्याही देवळात उभा राहून सांगेन. पण बाळ तुझ्या पोटात होतं आणि त्याच्यासाठी बापाला करता येण्याजोगी एवढी एकच गोष्ट होती. ती तो मनापासून करत होता. ती मी त्याच्याकडून काढून घेतली, आणि वर तुम्हा दोघांत खोटं आणून ठेवलं. ते खोटं माझं होतं, हे त्याने तुला सांगितलं नाही. तो माझा विद्यार्थी, आणि तुमचं लग्न मी जुळवलं. तो माझं नाव सांगणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्या आडोशाला मी तीन महिने बसून होतो.

आई गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. तुझ्या वेण्या मी घालायचो. एक वर जायची, एक खाली. शाळेत पोरी हसायच्या, तेव्हा तू कमरेवर हात ठेवून सांगायचीस, “माझ्या दादान् घातल्यान.” आज दिवसभर तेच आठवतंय.

मला क्षमा करू नकोस हवी तर. पण काशीरामशी बोल.

धोंडू


रत्नागिरी
१२ जून १९५५

चि. सौ. सगुणास, आशीर्वाद.

ते पत्र परत आलं नाही. मी सात महिने रोज पोस्टमनची वाट बघत होतो आणि तो रिकामा गेला की निःश्वास सोडत होतो. पुन्हा लिहिण्याचा धीर झाला नाही. आज लिहितो, कारण भागोजीने बातमी आणली. तुला तिसरा महिना लागला आणि काशीरामने वस्तरा बंद केला. सांगून झाल्यावर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी हसतो का म्हणून. मी हसलो नाही. आत जाऊन देवापुढे उभा राहिलो, आणि मला हात जोडता येतात का ते पाहिलं. येतात.

काशीराम पालीच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवतो, असं कळलं. पाट्या चांगल्याच होत असतील. पण इकडे त्याच्या जागी आलेले गृहस्थ मुलांकडून बांगडी ठेवून वर्तुळं काढून घेतात. मला काशीराम परत हवा आहे. आता हवा आहे, दाढीसकट. बाळ झाल्यावर नको.

तू म्हणशील, दादा मुख्याध्यापक आहे, त्याने काणाडोळा केला की झालं. मीही आधी तेच म्हटलं. पण काणाडोळा ही मेहेरबानी झाली. उद्या मी गेलो आणि दुसरा आला की तो डोळा उघडेल आणि अकरावा नियम बोट ठेवून दाखवेल. नियम मी लिहिला, तो मीच बदलायला हवा. 

नागरिकशास्त्राच्या तासाला मी मुलांना घटना शिकवतो. ती पुन्हा काढून वाचली. मनाला पटेल तसं वागायची मोकळीक सगळ्यांना दिलेली आहे. केसांचा उल्लेख कुठे सापडला नाही. एवढ्या मोठ्या मंडळींना आपल्या काशीरामची दाढी कशी सुचावी? ती सोय माझ्यासारख्या लहान माणसाने लहान जागी करायची. मी असं लिहिलं आहे:

‘केस किंवा दाढी राखली अथवा काढली, या कारणावरून या शाळेत कोणासही प्रवेश वा नोकरी नाकारली जाणार नाही, कोणास काढले जाणार नाही. स्वच्छता पाहिली जाईल. कारण विचारले जाणार नाही.’

शेवटचं वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं. कारण विचारायला माझ्या जिवावर येत नाही, तीच तर माझी खोड आहे. 

धोंडूदादा


रत्नागिरी
२१ ऑगस्ट १९५५

चि. सौ. सगुणास,

काल संस्थेच्या सभेत नियम मांडला. पडला नाही आणि मंजूरही झाला नाही. लोंबकळत ठेवला आहे.

आपले अध्यक्ष आप्पा तुला ठाऊक आहेत. त्यांच्याच पडवीत शाळेचा पहिला वर्ग भरला होता. ते म्हणाले, “धोंडू, एका दाढीसाठी पुस्तक बदलायचा? काशीरामाला घे गुपचूप. आमी काय बोलनार नाय.” मी म्हटलं, गुपचूप नको. ते म्हणाले, “मग रीतसर रखडू दे.” 

कौलांचे व्यापारी गुलाम रसूल शेठही सभासद आहेत. एरवी सभेत अवाक्षर बोलत नाहीत. ते स्वतःच्या पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत मला म्हणाले, “मास्तर, माझ्या दाढीला तुमी सूट दिलात, बरा केलात. पन तुमच्या मेव्हण्याला बोललात पोथी दाखव. माझी पोथी तुमी कधी वाचलात?”

मी म्हटलं, नाही.

“मग माझी खरी नि त्याची खोटी, ता कसा ठरवलात?”

सगुणा, सव्वीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारतो आहे. उत्तर न येणाऱ्या मुलाचा चेहरा कसा होतो, ते मला काल आतून कळलं.

आज सकाळी भागोजी नेहमीप्रमाणे धोकटी घेऊन आला. मी म्हटलं, परत जा. आजपासून बंद. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मी बिनलग्नाचा माणूस, घरात एक मांजर तेवढं. “तुमच्या घरात कोन पोटुशी हाय?” 

मी म्हटलं, “सगुणा.”

“ती तुमची भईन वो. भावाला ह्यो नेम लागत नाय.”

“मला लागतो,” मी म्हटलं.

तो उंबऱ्यावर बसला. तुमच्या पाठोपाठ सगळे मास्तर सुटले तर मी खाऊ काय, असं काहीबाही बोलत राहिला. मग चहा मागून प्यायला आणि गेला. जाताना म्हणाला, “तिला सांगू का?” मी म्हटलं, मी लिहितो. म्हणून लिहिलं. याने तुझ्या बाळाचं काही भलं होईल असं मी मानत नाही. पण गेल्या खेपेला माझ्या न मानण्यानेच सगळं झालं. तर या खेपेला माझं मानणं-न मानणं बाजूला ठेवलं आहे.

धोंडूदादा


रत्नागिरी
२ ऑक्टोबर १९५५

चि. सौ. सगुणास,

सहा आठवड्यांची दाढी आहे. काळी येईल अशी आशा होती, पण पांढरी आली, आणि उजव्या गालावर उगवतच नाही. पाचवीतली पोरं मला ‘अर्धा ऋषी’ म्हणतात. मी ऐकलं नाही असं दाखवतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या ध्यानात आलं, की नियम अकरावा अजून जिवंत आहे आणि तो रोज मोडणारा शिक्षक शाळेत एकच आहे. मग मी रीतसर काम केलं. मुख्याध्यापक या नात्याने शिक्षक धोंडू यांस नोटीस दिली. जावक वहीत नोंद केली. स्वतःच सही करून घेतली, आवक वहीत नोंद केली. खुलासा लिहिला: ‘कारण सांगू इच्छित नाही.’ खुलासा समाधानकारक नाही असा शेरा मारला आणि सगळे कागद संस्थेकडे पाठवले. आमच्या कारकुनाला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. त्याने दोन दिवस माझ्या चहात साखर जास्त घातली.

काल सभा झाली. सातही सभासद हजर. आप्पा चिडले होते. “कारन काय ता सांग नि मोकळा हो. कुलदेवीचा नवस हाय काय? धर्मात बसवू.” मी म्हटलं, सांगणार नाही. नव्या नियमात कारण विचारायचं नाही, असं आहे. “तो अजून झाला कुठं?” “मग जुन्या नियमाने मला काढा. त्याने काढता येतं. मी एकाला तसाच घालवला आहे.”

 बोलून गेलो खरा. पंचावन्नाव्या वर्षी मला दुसरं काय येतं, सगुणा? ही शाळा गेली तर मला सकाळी उठून जायला जागा नाही. 

मतं घेतली. गुलाम रसूल शेठनी पहिला हात वर केला. तिघे नव्याकडून, तिघे जुन्याकडून. राहिले आप्पा. त्यांनी नियमपुस्तक मिटून बाजूला सारलं. मग एकदम म्हणाले, “माझ्या जन्माच्या वख्ताला माझ्या बापाशीन राखलीन होती. आयेस सांगायची, बापूस पोरगा बघायला आला नि दाढी बघून पोरगाच घाबरून रडला.” आणि हात वर केला. “पन धोंडू, तू त्वांड धुवत जा रे. मासळीचा रस्सा लागलाय दाढीला.”

नियम मंजूर झाला. काशीरामला नेमणुकीचं पत्र वेगळं पाठवतो आहे. त्यात मी ‘विनंती’ हा शब्द घातला आहे. येणं न येणं त्याच्या मनावर.

धोंडूदादा


रत्नागिरी
१० ऑक्टोबर १९५५

चि. सौ. सगुणास,

आज काशीराम आला. पहिल्या मोटारीने, अंगावर पांढरा सदरा, गळ्यापर्यंत दाढी. मी फाटकात उभा होतो. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. तोच माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मास्तर, तुमची एका बाजूनंच आलीय. कोळशानं भरून देऊ?” मी हसायला लागलो आणि हसता हसता मला रडू आलं. फाटकात, मुलांच्या देखत. 

मी त्याची माफी मागितली. शिपाई, कारकून, भागोजी, सगळे ऐकत होते, कारण दाढी त्यांच्या देखतच काढली होती.

मग विचारलं, सगुणा काय म्हणाली? तो म्हणाला, “काय नाय बोलली. डबा दिलान.” मधल्या सुट्टीत त्याने डबा उघडला. चार भाकऱ्या, भाजलेला बांगडा, सोलकढीची बाटली. काशीराम दोन भाकऱ्यांवर कधी जात नाही, हे मला ठाऊक आहे. आम्ही दोघं जेवलो. मी कारण विचारलं नाही. 

बांगड्याला तिरफळ आईसारखंच घालतेस.

धोंडूदादा


रत्नागिरी
३ जानेवारी १९५६

चि. सौ. सगुणास, अनेक, अनेक आशीर्वाद.

पंधरा दिवसांपूर्वी भागोजी मोटारीतून उतरून शाळेपर्यंत धावत आला. वय साठ. व्हरांड्यात टेकून धापा टाकत म्हणाला, “पोरगी. रडली. मोठ्यान् रडली.” मी नववीच्या वर्गावर होतो. मुलांना सुट्टी देऊन टाकली. कशाची ते सांगितलं नाही. 

तुम्ही दोघी सुखरूप आहात, एवढं मला पुरे. काशीरामने बाराव्या दिवशी दाढी काढली आणि ती नदीत सोडली, हेही कळलं. भागोजीने मला विचारलं, “आता तुमची?” मी म्हटलं, थांब. नेम ज्याच्यासाठी धरला ते माणूस सांगेल तेव्हा. माझ्याकडून तुला कसलंच ओझं नाही, सगुणा. तू काहीच लिहिलं नाहीस तरी चालेल. माझी दाढी आता अंगवळणी पडली आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी नियमपुस्तक चाळलं, अकराव्या नियमावर थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि कारण विचारलं नाही. 

बाळाच्या गळ्याभोवती काही गुंडाळू नका. मफलर तर नकोच.

धोंडूदादा


रत्नागिरी
९ मे १९५६

चि. सौ. सगुणास,

तुझं पत्र सकाळी आलं. पोस्टमनने ते दोन्ही हातांनी दिलं. मी ते उघडायला घाबरत होतो, म्हणून आधी मांजराला दूध घातलं, मग उघडलं. आत्तापर्यंत अकरा वेळा वाचून झालं. पाठ झालं आहे, म्हणून तुलाच पुन्हा लिहून दाखवतो:

‘दादा, तुझी सगळी पत्रं वाचली. पहिली दोन परत केली, तीही चहाच्या आधणाच्या वाफेवर उघडून वाचली नि पुन्हा चिकटवली. पहिल्यातलं नियमाची अडचण उरली नाही हे वाक्यही वाचलं. आधी दार बंद केलं ते रागाने, पण दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाही ती त्या वाक्यासाठी, बाळासाठी नव्हे. बाळाचं मलाही कळतं. भाऊबिजेचं पत्र आलं त्या दिवशी मी ह्यांना जेवायला वाढलं नि समोर बसले. बाकी भेटीत.

‘पाचवा महिना सरायच्या आत सुमनचं जावळ काढायचं आहे. मुलीचं कशाला, असं सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, काढायचं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, आणि तिला मामा एकच आहे. रविवारी भागोजीला घेऊन ये. दाढी काढून येऊ नकोस. तिला ओढायला काहीतरी हवं.’

सगुणा, शेवटचं लहान मूल मी मांडीवर घेतलं ते तू होतीस. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. भागोजीला सकाळपासून तीनदा विचारलं, मूल हललं तर काय करायचं? तो म्हणाला, “तुमी हलू नका म्हंजे झाला. आजवर मी शेकड्यांनी जावळा काढलीत, मामाच रडतात.” वस्तऱ्याला नवी धार लावून ठेव म्हणून त्याला बजावलं आहे. आधी सुमनचं जावळ, मग माझी दाढी. तुला वाटेल तेव्हा. 

रविवारी पहिल्या मोटारीने येतो. उन्हातून, उपाशीपोटी येईन, आणि तोंडाला काही गुंडाळलेलं नसेल. तू दारात उभी राहून नीट बघ, आणि मग आत घे.

तुझा,
दादा